घराचीही नाडी पाहावी



वैशाख सरू लागला की आमच्या मालवणच्या किनारपट्टीवर दोन कामांची घाई उडते. एक आंबे-फणस उतरवून घेण्याची आणि दुसरी घर शाकारण्याची. कौले उतरवायची, झाडून घ्यायची, फुटकी बाजूला काढून चांगली पुन्हा बसवायची, वाशांना वाळवी लागली आहे काय ते पाहायचे आणि पावसाच्या माऱ्याकडील भिंतीला चुडतांच्या झापांचा आडोसा बांधायचा, असा हा क्रम असे. काही दुखत नसतानाही आपण वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घेतो, तसेच गळत नसलेले घरही तेव्हा दरवर्षी शाकारले जाई. आता स्लॅबची घरे आली आणि मान वर करून छपराकडे पाहण्याची ती सवय मोडली.

या पंधरवड्यात मी आपणांशी छप्पर, भिंती आणि खिडक्या यांविषयी बोलणार आहे. डॉक्टरने गवंड्याच्या कामात लक्ष का घालावे, असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक आपणांसमोर ठेवतो.

तपासायचे राहिलेले छप्पर

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी गावातले आमचे जुने कौलारू घर उतरवून त्याच जागी स्लॅबचे घर बांधले. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. तिला उंच उंबरे ओलांडावे लागू नयेत, रात्री परसात जावे लागू नये, म्हणून पश्चिमेकडची, संडास-न्हाणी जोडून असलेली खोली तिला दिली. हेतू चांगला होता आणि घरही देखणे झाले होते. पण दुसऱ्या उन्हाळ्यापासून आईची झोप उडाली. ती रात्री उठून बसे, छातीत धडधडते म्हणे आणि दुपारी जेवण झाले की चटई घेऊन खळ्यापलीकडच्या जुन्या मांगरात जाऊन निजे. "माका हय झोप येणा नाय. वरसून कोणी निखारे धरल्यासारख्या वाटता," असे तिने मला अनेकदा सांगितले.

मी तिचे रक्त तपासले, थायरॉइड तपासले, हृदयाचा आलेख काढला. चांगली खोली सोडून ती मांगरात झोपते, हे विस्मृतीच्या सुरुवातीचे लक्षण तर नव्हे, अशी शंका येऊन तिच्या स्मरणशक्तीचीही चाचणी घेतली. तिच्या डोक्यावरचे छप्पर मात्र मी तपासले नाही. शेवटी झोपेची अर्धी गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात त्या गोळीच्या गुंगीत ती पहाटे न्हाणीच्या दारात पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले.

हात प्लास्टरमध्ये असलेल्या आईजवळ कोणीतरी निजणे आवश्यक होते, म्हणून मी त्या खोलीत पहिल्यांदा रात्र काढली. वीज गेली होती. बाहेर खळ्यात वारा सुटला होता, पण आत रात्री दहा वाजताही छताकडून चेहऱ्यावर झळ येत होती. आईने अतिशयोक्ती केली नव्हती. तिने रोगाचे वर्णन अचूक केले होते आणि मी ते ऐकूनही ऐकले नव्हते.

उन्हाचा ताप दिवसा, छपराचा ताप रात्री

काँक्रीट जड असते. दिवसभराचे ऊन ते साठवून ठेवते आणि काही तासांच्या उशिराने, म्हणजे नेमके आपण अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा, ती उष्णता खाली सोडू लागते. भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान सांगतो. तापलेल्या छताकडून थेट अंगावर येणारी झळ त्यात पुरतेपणी उमटत नाही. शेकोटीपासून चार हातांवर बसले असता हवा गार असूनही तोंड भाजते, तसेच हे आहे. अशा खोलीत छताचा पंखा फिरवला की छताजवळची गरम हवाच खाली ढकलली जाते.

तरुण शरीर ही झळ सोसते. त्वचेकडे रक्त अधिक धाडून आणि घाम गाळून ते स्वतःला थंड राखते. वय वाढले की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि हृदयाची वाढीव काम करण्याची शक्ती घटते. त्यात किनाऱ्यावरची हवा दमट असते, त्यामुळे आलेला घामही वाळत नाही आणि न वाळणारा घाम शरीर थंड करू शकत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या, सर्दी-खाजेवरची आणि मानसिक विकारांवरची काही औषधे ही क्षमता आणखी कमी करतात. म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवावी. कोणतीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये.

थोडक्यात, उतारवयात शरीराला जे काम झेपत नाही ते घराच्या छपराने आणि भिंतींनी करावयाचे असते. शेतात लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर जसे इरले असते, तसे छप्पर हे घराचे इरले आहे. ते बरोबर नसेल तर आत कितीही सोयी केल्या तरी माणूस भिजणार किंवा तापणार.

केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' या नावाने निवासी इमारतींच्या बाह्य आवरणासाठी मापदंड प्रसिद्ध केले. आवरण म्हणजे छप्पर, भिंती आणि खिडक्या. छतातून किती उष्णता आत यावी, याची एक मर्यादा त्यात घातली आहे. साध्या, उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत येते. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. आपल्या वाडीतले छोटे घर तिच्या कक्षेत येत नाही, पण त्या घरातल्या आजोबांच्या शरीराला नियम तोच लागू असतो.

छपराला सावली हवी

आपण ज्यांना मंगलोरी कौले म्हणतो, ती मंगळूर येथील बाझल मिशनच्या कारखान्यात १८६५ साली तयार होऊ लागली आणि पुढे सगळ्या कोकणात पोहोचली. कौल पातळ असते, त्यामुळे ते तापते लवकर आणि निवतेही लवकर. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली माळा असेल तर छप्पर व माणूस यांच्यामध्ये हवेचा एक थर राहतो. आईचा मांगर दुपारीही सुसह्य का होता, याचे उत्तर यात आहे.

याचा अर्थ सर्वांनी पुन्हा कौलांकडे वळावे, असा मुळीच नाही. जुन्या घरांतला अंधार, चुलीचा धूर, वाळवी, उंदीर आणि दरवर्षी शाकारणीला न मिळणारी माणसे मी विसरलेलो नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत गेले तेव्हा अनेक घरांची कौले आणि पत्रे उडाले, स्लॅब मात्र जागेवर राहिले. त्या रात्री कित्येक कुटुंबांना शेजारच्या स्लॅबच्या घराने आसरा दिला. पण त्याच वादळानंतर काही दिवस वीज नव्हती. पंखे आणि वातानुकूलन यंत्रे बंद पडली, तेव्हा घर थंड ठेवण्याचे काम केवळ छप्पर आणि भिंती यांवर येऊन पडले. घराला दोन्ही गुण हवेत. ते वादळात टिकले पाहिजे आणि वीज नसतानाही त्यात माणूस टिकला पाहिजे.

स्लॅब ठेवून उष्णता कमी करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त म्हणजे गच्चीला दाट पांढरा रंग. चुन्याचा लेप दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर द्यावा लागतो. ऊन परतवणारे तयार रंग अधिक काळ टिकतात. दुसरा मार्ग म्हणजे पांढऱ्या फुटक्या लाद्यांचा थर, ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात. तो नीट ढाळ देऊन केला तर पाणीही साचत नाही. तिसरा मार्ग म्हणजे स्लॅबवर फिकट रंगाच्या पत्र्याचे किंवा कौलांचे दुसरे छप्पर. त्यात स्लॅब आणि पत्रा यांच्यातील जागा बाजूंनी मोकळी राहिली पाहिजे. आपण पुष्कळदा ती चारही बाजूंनी बंद करून अडगळीची खोली करतो, आणि मग कोंडलेली गरम हवा पुन्हा स्लॅबलाच तापवते. पत्रे वादळाच्या जोराचा विचार करून घट्ट बांधून घ्यावेत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे टाळावेत, कारण त्यांचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना अपाय करतात.

ज्यांच्या खोलीवर केवळ पत्रा आहे, त्यांनी त्याखाली काही अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे आणि मधली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाऊ द्यावी.

वातानुकूलन यंत्राला माझा विरोध नाही. तीव्र उष्म्यात ते जीव वाचवते. पण उघड्या स्लॅबखाली बसवलेल्या यंत्राची बरीच शक्ती वरून येणारी उष्णता बाहेर फेकण्यातच खर्ची पडते. आधी छपराला सावली द्यावी. मग लहान यंत्रावरही भागते आणि वीजबिलाच्या धास्तीने आजी ते बंदही करून टाकत नाहीत.

भिंतीतील ओल आणि छातीतील घरघर

आता जून ते सप्टेंबरचा विचार करू. श्रावणात माझ्या दवाखान्यात खोकल्याचे जे वृद्ध रुग्ण येतात, त्यांना मी अलीकडे एक प्रश्न नेमाने विचारतो, "आपल्या पलंगामागची भिंत कशी आहे?" उत्तर बहुधा सोबत आलेल्या सुनेकडून येते, "काळी पडलीय, डॉक्टर. दरवर्षी रंग काढतो, दरवर्षी पडते."

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर विकार होण्याची शक्यता अधिक असते, असा तिचा निष्कर्ष आहे. अशा रुग्णाला पंप देणे आवश्यक असते, पण भिंत ओली ठेवून केवळ पंपाची मात्रा वाढवत राहणे म्हणजे होडीचे भोक न बुजवता पाणी उपसण्यासारखे आहे.

आपल्याकडील चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि वारा मिळाला की ते सोडूनही देतो. जुन्या घरांना रुंद पागोळ्या, पडव्या आणि चुन्याचा गिलावा होता. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. आता आपण चिऱ्याला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर गुळगुळीत तेलरंग किंवा प्लॅस्टिक रंग देतो. बाहेरच्या बारीक तड्यातून पाणी आत शिरते, पण आत कोंडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि बुरशी धरते.

ओल तीन वाटांनी येते. एक वरून किंवा बाजूने, पावसाचे पाणी. दुसरी खालून, जमिनीतून जोत्यावाटे चढणारी. तिसरी आतून, म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे, स्वयंपाक, न्हाणी आणि श्वास यांतून. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, म्हणून रंगाचा डबा आणण्यापूर्वी निदान करावे. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. भिंतीचा फूटभर चौकोन कोरडा पुसून त्यावर जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब धरले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. पुढच्या, खोलीच्या बाजूला धरले असतील तर खोलीतील हवाच दमट आहे.

ओल भिंतीतून येत असेल तर बाहेरचे तडे बुजवावेत, पागोळी पुढे काढावी, पन्हळ दुरुस्त करावी आणि जोत्याभोवती पाणी साचू देऊ नये. नवे घर बांधताना जोत्यावर ओल अडवणारा थर घालण्यास विसरू नये. हवा दमट असेल तर कपडे वाळवण्याची जागा वृद्धांच्या खोलीतून हलवावी आणि कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत. बुरशी पुसण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये. करणाऱ्याने तोंडाला मुसके बांधावे.

वाऱ्याची वाट

निसर्गाने किनाऱ्याला दोन वारे दिले आहेत. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई वारा वाहतो. म्हणून रात्रीच्या झोपेसाठी पूर्वेकडची खिडकी महत्त्वाची आहे. आईच्या खोलीला पूर्वेकडून वारा येण्यास जागाच नव्हती. तिकडे मी भिंतीतले कपाट केले होते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची एकावेळी साधारण अर्धीच जागा उघडते. बिजागरीच्या झडपांची खिडकी पूर्ण उघडते. सरकती खिडकी बसवायची असेल तर ती त्या हिशेबाने मोठी घ्यावी. वारा येण्यासाठी जशी एक वाट लागते तशी जाण्यासाठी समोर दुसरी लागते. छताजवळ झरोका ठेवला तर वर साचलेली गरम हवा तिथून निघून जाते. डासांची जाळी अवश्य असावी, पण ती धुतली जात नसेल तर धुळीने वारा अडतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा पडदी असावी. काचेच्या आतल्या पडद्यापाशी ऊन पोहोचते तेव्हा ते खोलीत येऊन चुकलेले असते.

खारी हवा आणि लोखंड

सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू होऊन १६६७ साली पूर्ण झाले. लाटांच्या तोंडावर असलेल्या त्या तटाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. शिसे लोखंडासारखे गंजून फुगत नाही. आपल्या स्लॅबमध्ये मात्र लोखंडी सळ्या असतात. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमधून झिरपत सळीपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात आणि त्याची ढलपी खाली पडते. ती कोणाच्या अंथरुणावर पडेल हे सांगता येत नाही.

म्हणूनच आय.एस. ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकात किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-३० प्रतीचे मिश्रण आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. घर बांधून घेताना हे दोन आकडे अभियंत्याला विचारावेत. खाडीची खारी वाळू स्वस्त मिळते म्हणून न धुता वापरू देऊ नये. सळीवरचे आवरण ही काही वीतभर जाडीची गोष्ट नव्हे, पण घराचे आयुष्य त्यावर ठरते.

पावसाआधीची तपासणी

काळजीवाहू मंडळींना माझी विनंती आहे की या पंधरवड्यात एक संध्याकाळ खालील गोष्टींसाठी काढावी. वृद्धांनी स्वतः स्टुलावर किंवा शिडीवर चढू नये.

१. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पंखा बंद करून वृद्धांच्या पलंगावर दहा मिनिटे उताणे पडून राहावे. छताकडून झळ जाणवली तर रोगाचे मूळ सापडले.

२. छतावर तांबूस डाग, सळीच्या रेषेत गेलेले तडे किंवा फुगलेला गिलावा दिसल्यास पलंग त्याच दिवशी तेथून हलवावा आणि अभियंत्याला दाखवावे. वरून गिलावा मारून ते झाकू नये.

३. गच्चीवरील पाणी जाण्याच्या वाटा, पन्हळी आणि पागोळ्या साफ कराव्यात.

४. पलंगामागची आणि कपाटामागची भिंत पाहावी, हात लावावा, वास घ्यावा.

५. पूर्वेकडची खिडकी खरोखर उघडते काय, ते पाहावे. मांडलेल्या सामानामुळे ती पुष्कळदा वर्षानुवर्षे बंद असते.

६. उष्म्याच्या दिवसांत वृद्ध व्यक्ती गोंधळल्यासारखी बोलू लागली, अंग तापले, उलट्या झाल्या, लघवी फारच कमी झाली, तर तिला गार जागी हलवून ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा आणि विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

आईच्या खोलीची हकिगत पुरी करतो. त्या पावसाळ्यापूर्वी मी स्लॅबवर बाजूंनी मोकळे असे दुसरे छप्पर घातले, पूर्वेचे कपाट फोडून तेथे झडपांची खिडकी केली आणि झोपेची गोळी बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात आई त्या खोलीत झोपू लागली. मनगट मात्र शेवटपर्यंत थोडे वाकडेच राहिले. भाकरी थापताना ती हात मध्येच थांबवी, तेव्हा मला काही बोलावेसे वाटत नसे.

तेव्हापासून कोणी ज्येष्ठ रुग्ण "रात्री झोप नाही" म्हणाला की मी नाडी पाहतो, औषधे पाहतो आणि मग विचारतो, "आपण कोणत्या खोलीत झोपता? वर काय आहे?" आपले डॉक्टर हे विचारतीलच असे नाही. त्यांनी न विचारताही आपण सांगावे. आणि घरातले म्हातारे माणूस चांगली खोली सोडून पडवीत अंथरूण टाकू लागले, तर त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी एक रात्र त्याच्या जागी झोपून पाहावे.